जीडीपी वाढला, मग गरिबी कुठे अडकते?

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात एखादं डेटा सेंटर उभं राहिलं आणि तेवढ्याच पैशात भिवंडीला गोदामं बांधली गेली, तर जीडीपीच्या हिशोबात दोन्ही गुंतवणुकी साधारण सारख्याच दिसणार. पण संध्याकाळी सहा-सातला डेटा सेंटरच्या गेटबाहेर उभं राहून बघा. सिक्युरिटीचे दोघं-तिघं, एखादी गाडी बाहेर पडते, बास. समोर चहाची टपरी टाकली तर ती पण धड चालणार नाही, कारण आत सगळी कॉम्प्युटरची मशीनं आणि त्यांना थंड ठेवणारे एसी, चहा पिणार कोण. आणि तिकडे भिवंडीजवळ मानकोली नाक्याला शिफ्ट सुटली की रस्ता भरून माणसं, शेअर रिक्षावाला ओरडतोय, वडापावच्या गाडीवर झुंबड, रिचार्जवाला, भाजीवाली, दहा बाय दहाची खोली भाड्याने देणारा, सगळ्यांचं काही ना काही त्यावर चाललंय.

म्हणून "आर्थिक वाढीने गरिबी कमी होते का" असं नुसतं विचारलं की भांडण होतं, उत्तर मिळत नाही. वाढ कुठल्या कामातून झाली आणि गरीब माणसाला त्या कामापर्यंत पोचता आलं का, हे दोन प्रश्न सोबत विचारावे लागतात.

आधी गरीब कोणाला म्हणायचं ते बघू, निम्मे वाद इथेच आहेत. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली रोज २,२५० कॅलरी पोटात जायला किती खर्च येतो असा हिशोब लावला आणि १९६०-६१ च्या भावाने माणशी महिना गावात १५ रुपये, शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा काढली. पुढे सुरेश तेंडुलकरांच्या समितीची पद्धत आली, तिच्या हिशोबाने २०११-१२ ला शहरात माणशी महिना १,००० रुपये आणि गावात ८१६ रुपये. त्याच सुमाराला नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात शहरासाठी रोजचे ३२ रुपये असं सांगितलं आणि देशभर बोंबाबोंब झाली ती आठवत असेल. झाली ती बरोबरच झाली, ३२ रुपयात ठाण्यात तेव्हा पण काय मिळत होतं. जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा जून २०२५ पासून रोज ३ डॉलर आहे, पण हा डॉलर म्हणजे बँकेत बदलून मिळतो तो नव्हे, तीन डॉलरमध्ये अमेरिकेत जेवढं सामान येतं तेवढं इथे घ्यायला किती रुपये लागतील तो हिशोब, म्हणजे २०२१ च्या भावाने साधारण साठ-पासष्ट रुपये. थोडक्यात, या सगळ्या रेषा जेमतेम जगण्याच्या आहेत. रेषेच्या वर गेलेला माणूस सुखी झाला असं कोणी समजू नये, तो फक्त त्या यादीतून बाहेर पडला.

आता वाढ हवी की नको यावर. हवीच, आणि यात मला काडीची शंका नाही. ज्या देशात सगळ्यांचं मिळूनच उत्पन्न कमी आहे तिथे श्रीमंतांचं काढून वाटायचं म्हटलं तरी माणशी फार काही हाती लागत नाही. १९५० ते १९८० अशी तीस वर्षं आपली अर्थव्यवस्था वर्षाला साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढत होती, प्रा. राज कृष्णांनी याला "हिंदू ग्रोथ रेट" असं नाव दिलं होतं. ऐकायला साडेतीन टक्के वाईट वाटत नाही, पण लोकसंख्या पण दोन टक्क्यांच्या वर वाढत होती, म्हणजे माणशी वाढ उरली सव्वा टक्क्याच्या आसपास. एक सोपं गणित आहे, ७० ला वाढीच्या दराने भागायचं की दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. माणशी १.३ टक्क्याने उत्पन्न दुप्पट व्हायला ५४ वर्षं लागतात, साडेपाच टक्क्याने तेरा वर्षं. पहिल्या हिशोबात आजोबांच्या तरुणपणी असलेली कमाई नातू कामाला लागेपर्यंत कशीबशी दुप्पट होणार, दुसऱ्या हिशोबात पोरगं पहिलीला गेल्यापासून बारावी होईपर्यंतच दुप्पट. हा फरक भाषणाने भरून निघत नाही आणि नुसत्या योजनांनी पण नाही.

जगाचे आकडे पण हेच सांगतात. जागतिक बँकेच्या आधीच्या २.१५ डॉलरच्या रेषेने १९९० ला जगात जवळपास २०० कोटी लोक अतिगरीब होते, २०१९ पर्यंत ते ७० कोटींच्या खाली आले, आणि या काळात जगाची लोकसंख्या अडीचशे कोटीने वाढली होती. यातला सिंहाचा वाटा चीनचा, तिथे चाळीस वर्षांत ८० कोटींच्या आसपास माणसं अतिगरिबीतून बाहेर आली. भारतात ३ डॉलरच्या रेषेने २०११-१२ ला २७.१ टक्के लोक अतिगरीब होते, २०२२-२३ ला ५.३ टक्के. मधे सर्वेक्षणाची पद्धत बदलली म्हणून या दोन आकड्यांची तुलना किती करायची यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतायत, पण गरिबी घटली यावर फारसं दुमत नाही.

मग सारखीच वाढ असून एका देशात गरिबी झपाट्याने उतरते आणि दुसऱ्यात हलत नाही, असं का होतं?

पहिलं कारण एकदम साधं आहे, गरीब माणसं रेषेपासून किती लांब आहेत ते. समजा रेषा महिना ३,००० रुपये आहे, एकाचे २,८०० येतात आणि दुसऱ्याचे १,५००. दोघांचं उत्पन्न १० टक्क्यांनी वाढलं. पहिला ३,०८० वर गेला, सुटला. दुसरा १,६५० वर, अजून गरीबच, आणि सरकारी टक्केवारीत त्याच्या दीडशे रुपयांचा मागमूस पण नाही. सकाळच्या ठाणे-पनवेल लोकलसारखं आहे हे, दारात लटकलेले घणसोली आलं की फटकन उतरतात आणि मधे चेंगरलेला ओरडत ओरडत कोपरखैरण्याला जाऊन पोचतो. त्यामुळे सुरुवातीला गरिबी भराभर कमी होते आणि सरकार कोणाचंही असो ते छाती काढून सांगतं, आणि शेवटचे जे उरतात, डोंगरावरचे, भूमिहीन, एकट्या बाया, अपंग, त्यांच्यापर्यंत तीच वाढ पोचता पोचत नाही.

दुसरं, सरासरी. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सरकारी सर्वेक्षणात शहरात माणशी महिना सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला. पण सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांचा खर्च होता २,३७६ आणि सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांचा २०,३१०. सात हजारवाला "सरासरी माणूस" शोधायला निघालात तर वाटेत भेटतील त्यातले निम्म्याहून जास्त त्याच्यापेक्षा कमी खर्चावाले असतील. आणि सरासरी कशी फसवते याचं आपल्या घरचं उदाहरण, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेने जुन्या ठाणे जिल्ह्यात आदिवासी १३.९ टक्के होते, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू सगळं तिकडे गेल्यावर नव्या ठाण्यात तेच प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास उरलं. एका रात्रीत ठाणे कागदावर जास्त शहरी, जास्त सुधारलेलं दिसायला लागलं आणि मोखाड्यात कोणाच्या ताटात एक भाकरी जास्त पडली नाही. (पालघरला स्वतंत्र कलेक्टर मिळाला, तलासरीवाल्याची ठाण्यापर्यंतची फरफट वाचली, तो फायदा खरा, पण तो विषय वेगळा.)

इथे कोणी म्हणेल की विषमता आधी वाढते, मग आपोआप कमी होते. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ ला असा अंदाज मांडला होता खरा, पण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की यात पुरावा थोडा आणि तर्क जास्त आहे. पुढे २००२ मध्ये जागतिक बँकेतले डेव्हिड डॉलर आणि आर्ट क्राय यांनी ९२ देशांची आकडेवारी लावून दाखवलं की सरासरी उत्पन्न वाढतं तसं खालच्या २० टक्क्यांचं पण सरासरी तेवढ्याच टक्क्यांनी वाढतं. वाढीच्या बाजूचे लोक हा अभ्यास नेहमी पुढे करतात. पण १० टक्के दोघांचे वाढले तरी एकाचे दोनशे आणि दुसऱ्याचे दोन हजार वाढतात, आणि ९२ देशांच्या सरासरीत बरे देश आणि भयंकर देश एकत्रच बसलेत.

भयंकर म्हणजे किती, तर इक्वेटोरियल गिनी. आफ्रिकेतला छोटासा देश, १९९० च्या दशकात समुद्रात तेल सापडलं आणि दरडोई उत्पन्न रॉकेटसारखं वर गेलं, एका काळात सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सगळ्यात जास्त. आणि २००६ च्या सर्वेक्षणात तीन चतुर्थांशाहून जास्त लोक तिथल्या दारिद्र्यरेषेखाली. तेल काढायला हजारो हात लागत नाहीत, लागतात त्या मशीन आणि बाहेरून आलेले इंजिनियर, आणि आलेला पैसा ज्यांच्या हातात सत्ता त्यांच्याच घरात. डेटा सेंटरचं टोकाचं भावंडच म्हणा.

उलटी बाजू चीन आणि व्हिएतनामची. चीन म्हटलं की आपल्याला शांघायचे टॉवर आणि कारखाने आठवतात, पण तिथली गरिबी सगळ्यात जोरात उतरली ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, टॉवरच्या कितीतरी आधी, १९७८ नंतर सामुदायिक शेती मोडून कुटुंबांना जमीन कसायला दिली आणि ठरलेला वाटा सरकारला देऊन उरलेलं विकायची मोकळीक मिळाली तेव्हा. जमीन आधीच बऱ्यापैकी समान वाटली गेली होती म्हणून वाढ सुरू झाल्यावर ती घरोघर गेली. व्हिएतनामने १९८६ ला दोई मोई नावाने धोरण बदललं, शेतकऱ्यांना जमिनीचे हक्क दिले, आणि दोन-तीन वर्षांत तांदूळ आयात करणारा देश निर्यात करायला लागला, शिलाईचे, बुटांचे, मोबाईलचे कारखाने नंतर आले, तेही पोरींना थेट गावातून कामाला घेणारे. जागतिक बँकेनेच २००८ च्या अहवालात म्हटलंय की शेतीतून आलेली वाढ ही बाकी क्षेत्रांतल्या वाढीपेक्षा गरिबी कमी करायला निदान दुप्पट उपयोगी पडते. साधं आहे, गरीब जिथे आहेत तिथेच वाढ झाली तर त्यांना तिच्यामागे धावत जावं लागत नाही.

आपलं घोडं इथे पेंड खातंय. २०२३-२४ ला देशातले साधारण ४६ टक्के कामगार शेतीत होते आणि शेतीचा उत्पन्नातला वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं पाचव्या भागापेक्षा कमी उत्पन्न वाटून घेतायत. आपली वाढ झाली ती आयटीत, बँकिंगमध्ये, टेलिकॉममध्ये, जिथे आत शिरायचं तिकीटच डिग्री आणि इंग्रजी. ऐरोलीच्या आयटी पार्कपासून दिघा आणि चिंचपाड्याच्या वस्त्या हाकेच्या अंतरावर आहेत, तिथून रोज शेकडो माणसं त्या पार्कमध्ये जातात, पण हाउसकीपिंग, कँटीन आणि सिक्युरिटीच्या युनिफॉर्ममध्ये, कॉन्ट्रॅक्टवर. हे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, त्या पगारावर पोरं शिकतायत. पण कॉन्ट्रॅक्टर बदलला की नोकरी पहिल्यापासून सुरू.

शहरातल्या वाढीचा गावाला फायदा होतो का, यावर गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यांना असं दिसलं की १९९१ च्या आधी शहरं वाढली तरी गावातली गरिबी फारशी हलत नव्हती, नंतर मात्र शहरातल्या वाढीचा परिणाम गावापर्यंत जायला लागला. बांधकाम, ट्रान्सपोर्ट, छोटे धंदे, मनीऑर्डर आणि आता फोनवरून पाठवलेले पैसे. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला हे कोणी पेपर लिहून सांगायची गरज नाही, इथला अर्धा सातारा त्यावरच उभा आहे.

वाशी मार्केटचे माथाडी बघा. आमच्या कोपरखैरण्यात शेजारी एक काका होते, पाटण तालुक्यातले, कांदा-बटाटा मार्केटमध्ये टोळीत कामाला. पन्नास किलोची गोणी ट्रकमधून पाठीवर, पाठीवरून थप्पीला, पहाटेपासून दुपारपर्यंत. काम हमालीचंच, जगात कुठेही असतं तसं. फरक आहे तो कागदाचा. १९६९ ला महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून, आणि त्यानंतर व्यापारी मजुरी थेट हातात टेकवत नाही, माथाडी बोर्डात भरतो, वर लेव्ही (मजुरीवरचा ठरलेला टक्का) भरतो, आणि बोर्ड कामगाराला पगार देतं, लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, बोनस, दवाखाना. मी एकदा विचारलं, "काका, बोर्ड नसतं तर?" तर म्हणाले, "मग काय रं, मुकादमाच्या दारात जाऊन बसायचं, दिलं तर दिलं. आन् म्हातारपणी गावाला जाऊन गुरं राखायची." त्यांचा मुलगा इंजिनियर झाला. मार्केटची उलाढाल वाढली तशी गोणीमागची मजुरी पण वाढत गेली, कारण ती मागायला टोळी होती, युनियन होती, कायदा होता. तेवढंच वजन आज एखाद्या गोदामात उचलणारा पोरगा लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या वहीत नुसतं एक नाव आहे, कधी कधी तेही नाही. माथाडी व्यवस्थेत पण पुढे खोट्या टोळ्या, खंडणी असले प्रकार घुसले, कारखानदार त्याच्या तक्रारी करतात आणि त्यातल्या काही खऱ्या आहेत. तरी हमालाच्या पोराने हमाली सोडली, यापेक्षा गरिबी कमी झाल्याचा मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

पगाराशिवाय दुसरी वाट म्हणजे मालकी. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १९७० ला आलं आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. आगरी-कोळी शेतकऱ्यांना सुरुवातीला मोबदला मिळाला तो शेतजमिनीच्या भावाने, आणि त्याच जमिनीवर शहर वसणार होतं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जानेवारी १९८४ ला जासई परिसरात गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना निघाली. म्हणजे शहर वाढलं तर जमीन देणाऱ्याला पण वाढीत हिस्सा. भूखंड वेळेत मिळाले नाहीत, बिल्डरला कवडीमोलाने गेले, ही रड आहेच. पण ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, दुसऱ्याच्या शेतात किंवा मिठागरात राबत होता, त्याला साडेबारा टक्के कशाचे? जमीन, घर, शिक्षण यातलं काहीतरी आधीपासून हातात असेल त्यालाच वाढीचा दोर पकडता येतो.

शहापूरकडे बघितलं तर आणखी एक गोष्ट कळते. भातसा, तानसा, मोडकसागर, मुंबईला आणि ठाण्याला पाणी पुरवणारी धरणं याच बाजूला, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. बाईचे रोजचे दोन-तीन तास हंड्यात गेले की ती मजुरीला कधी जाणार. ही गरिबी रुपयात मोजली तर दिसतच नाही. म्हणून नीती आयोग आता बहुआयामी गरिबी पण मोजतो, पोषण, शाळा, पाणी, संडास, वीज, बँक खातं धरून १२ निकष, आणि त्या मोजणीत देशातलं प्रमाण २०१५-१६ च्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ ला १४.९६ वर आलं. यातला बराच भाग सरकारी खर्चाने झाला, कमाई वाढून नव्हे. अर्थात तो खर्च करायला टॅक्स लागतो आणि टॅक्स वाढीतूनच येतो, हे पण विसरून चालत नाही.

आणि वर आलेला माणूस वरच राहील याची खात्री नाही. घरात एकाला कॅन्सर निघाला, डायलिसिस लागलं, की रिक्षा विकली, गावचा तुकडा गहाण. सरकारच्याच हिशोबाने २०२१-२२ ला देशातल्या एकूण आरोग्य खर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला, आधी तो ६४ टक्के होता म्हणजे सुधारणा आहे, पण चाळीस टक्के म्हणजे पण डोक्यावर टांगती तलवारच. कोविडमध्ये तर सगळ्यांनी बघितलं, नाशिक हायवेने बायकापोरं घेऊन चालत निघालेली माणसं. आदल्या महिन्यापर्यंत ती कुठल्याच गरिबीच्या यादीत नसतील. २०१८-१९ ला शेतीतल्या कामगारांचं प्रमाण साडेबेचाळीस टक्क्यांवर आलं होतं, २०२०-२१ ला ते परत साडेसेहेचाळीसवर गेलं. विकासात माणसं शेतीतून बाहेर पडतात, आपल्याकडे ती परत आत शिरली आणि अजून सगळी बाहेर आलेली नाहीत.

राहिला प्रश्न थेट पैसे द्यायचा, म्हणजे लाडकी बहीण. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये, आणि घोषणा झाली तेव्हा वर्षाचा खर्च ४६,००० कोटी सांगितला होता. यावर नाक मुरडणारे माझ्या ओळखीत भरपूर आहेत, मी त्यात नाही. जी बाई रेषेच्या अगदी खाली आहे तिला दीड हजाराने महिन्याचं रेशनच्या बाहेरचं सामान येतं आणि पैसे तिच्या खात्यात येतात, नवऱ्याच्या नाही. पण ४६,००० कोटी दरवर्षी काढायचे म्हणजे कुठेतरी दुसरीकडे कात्री लागणार, आणि ती कात्री शहापूरच्या पाणी योजनेला लागली, आश्रमशाळेला लागली, किंवा पोरीच्या बस पासला लागली, तर एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढलं. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागेंच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी केली तेव्हा मजुरीसोबत गावात पाझर तलाव, बांध आणि रस्ता पण उरत होता, आणि २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा करताना डोळ्यासमोर हाच नमुना होता. पुढच्या वेळी जीडीपीचा आकडा आला की त्याच्या शेजारी निदान दोन गोष्टी शोधा, गावातली शेतमजुरी महागाई वजा करून वाढली का, आणि नवीन नोकऱ्यांपैकी किती जणांचा पीएफ कापला जातो. हे आकडे मिळतात, फक्त हेडलाइनमध्ये येत नाहीत.